शारदेला बोलते करणारे देवल

जानेवारी १८९९ मध्ये इंदूर येथे किर्लोस्कर नाटक मंडळीने एका नव्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग केला. रंगमंचावर राजा नव्हता, अप्सरा नव्हती, ऋषींचा आश्रमही नव्हता. पैशाच्या लोभाने मुलीचा सौदा करणारा बाप, सत्तरी ओलांडूनही पुन्हा बोहल्यावर चढू पाहणारा धनिक आणि त्या दोघांच्या व्यवहारात सापडलेली एक किशोरवयीन मुलगी, अशी ही घराघरांत ओळखीची मंडळी होती. नाटकाचे नाव होते 'संगीत शारदा' आणि नाटककार होते गोविंद बल्लाळ देवल.

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. त्यांचे बालपण सांगलीनजीकच्या हरिपूर या गावी, कृष्णा-वारणेच्या संगमाच्या परिसरात गेले. शिक्षणासाठी ते बेळगावला गेले आणि तेथेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर शिक्षक म्हणून लाभले. मॅट्रिक झाल्यावर देवलांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पण १८८० मध्ये अण्णासाहेबांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले, तेव्हा त्यांचा हा शिष्यही त्या प्रवाहात ओढला गेला. नट, दिग्दर्शक आणि नाटककार अशा तिन्ही नात्यांनी देवल अखेरपर्यंत रंगभूमीशी बांधलेले राहिले. पात्रांकडून तालीम करून घेण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्यांच्या नावावर अवघी सात नाटके आहेत आणि त्यांतील सहा रूपांतरे किंवा भाषांतरे आहेत. मात्र ही सात नाटके एकत्र पाहिली, तर निवडीमागचे एक सूत्र ध्यानात येते. विवाह आणि त्यात स्त्रीची होणारी कोंडी हा विषय देवलांना सतत खुणावत होता. १८८६ मधील 'दुर्गा' हे सदर्नच्या इंग्रजी शोकनाट्यावर आधारलेले. पती मरण पावला असे समजून पुनर्विवाह केलेली स्त्री आणि त्यानंतर जिवंत परत आलेला पती, हे त्या मूळ नाटकाचे कथानक. बेहरामजी मलबारींच्या टिपणांमुळे बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर देशभर वाद पेटलेला असताना देवलांनी हा विषय हाती घेतला, हे विसरता येत नाही. १८९० मधील 'झुंझारराव' हा 'ऑथेल्लो'चा मराठी अवतार. त्यात पतीचा संशय निरपराध पत्नीचा जीव घेतो. 'मृच्छकटिका'ची नायिका वसंतसेना ही गणिका असून तिला कुलवधूचे स्थान मिळणे हाच त्या कथेचा शेवट आहे.

या पार्श्वभूमीवर 'शारदा' आले. पुण्या-मुंबईचा सुशिक्षित वर्ग तेव्हा स्त्रीच्या प्रश्नावर दुभंगलेला होता. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य नसल्याने पतीकडे नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून मुंबईत गाजला होता. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नांदायला जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा पर्याय दिला होता. १८९१ मध्ये संमतीवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली, तीही लोकमान्य टिळकांसारख्या नेत्यांच्या तीव्र विरोधानंतर. या कायद्याने वराच्या वयाला मात्र कोणतेही बंधन घातले नाही. सुधारकांनाही आपल्या घरात रूढी मोडता येत नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला होता. वृद्धाला दिलेल्या मुलीच्या वाट्याला लवकरच येणारे वैधव्य आणि केशवपन हे तर उघडे सत्य होते.

त्या काळी रंगभूमीही सुधारणेच्या बाजूने होती असे नाही. नारायण बापूजी कानिटकरांच्या 'तरुणी-शिक्षण-नाटिके'सारखी नाटके शिकलेल्या स्त्रीची टर उडवीत होती. गंभीर संगीत नाटक पौराणिक कथांत रमलेले होते. अण्णासाहेबांच्या 'सौभद्रा'त थोरला भाऊ सुभद्रेचे लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरवतो. पण तेथे तिला सोडवायला साक्षात कृष्ण आहे. देवलांच्या शारदेच्या पाठीशी असा कोणी देव नव्हता. आपल्या गुरूने पुराणात मांडलेला पेच शिष्याने थेट समकालीन घरात आणून ठेवला.

नाटकातील भुजंगनाथ हा पैशाच्या बळावर तरुण होऊ पाहणारा वृद्ध. भद्रेश्वर दीक्षित हा त्याचा दलाल. शारदेचा बाप कांचनभट रकमेवर नजर ठेवून होकार देतो. आई इंदिराकाकू तळमळते, पण घरात तिचा शब्द चालत नाही. हे सारे देवलांनी विनोदाच्या अंगाने रंगवले आणि म्हणूनच ते प्रेक्षकांना अधिक झोंबले. मुख्य म्हणजे त्यांनी शारदेला गप्प ठेवले नाही. आपल्या मैत्रिणीपाशी आणि आईपाशी ती आपले दुःख साध्या, घरगुती मराठीत, बायकांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांच्या वळणाने गाते. जिचे लग्न ठरते तिला काय वाटते, हे वृत्तपत्रांतील वादात जवळजवळ कोणी विचारले नव्हते. देवलांनी ते भर नाट्यगृहात विचारले.

या धाडसाला मर्यादाही होत्या. भर मांडवात कोदंड हा तरुण वधू-वर सगोत्र असल्याचे उघड करतो आणि विवाह थांबतो. शारदेला वर नको आहे, हे कारण तो थांबवायला पुरेसे ठरत नाही. अर्धवट राहिलेल्या लग्नामुळे तिची अवस्था ना कुमारिकेची, ना सवाष्णीची. ती नदीत जीव द्यायला जाते आणि कोदंड तिला वाचवतो. अखेरीस सप्तपदी झाली नसल्याने विवाह पूर्ण झालाच नाही, असा निर्णय शंकराचार्य देतात आणि शारदा-कोदंड विवाहाचा मार्ग मोकळा होतो. रूढीवर मात करण्यासाठी नाटककाराला शास्त्राचाच आधार घ्यावा लागला. कदाचित त्यामुळेच सनातनी प्रेक्षकही हे नाटक शेवटपर्यंत पाहू शकला.

आणखी एक विसंगती त्या काळाचीच होती. शारदेची व्यथा रंगमंचावर गात होता तो पुरुष. कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे अशक्यप्राय असल्याने स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत. एके काळी सुभद्रेची भूमिका गाजवलेले भाऊराव कोल्हटकर 'शारदा'त कोदंड झाले, तर पुढे बालगंधर्वांनी शारदा साकारली. स्त्रीचे दुःख पुरुषाने लिहिले, पुरुषाने गायिले. तरीही ते खरे वाटले, यात देवलांच्या तालमीचा वाटा मोठा होता.

उत्तरायुष्यात देवल गंधर्व नाटक मंडळीसाठी झटले. १८९३ मध्ये लिहिलेल्या 'फाल्गुनराव' या गद्य नाटकाला त्यांनी संगीताचा साज चढवला आणि 'संशयकल्लोळ' तयार झाले. 'झुंझाररावा'त जीव घेणारा पतीचा संशय येथे हास्यास्पद ठरतो. हे नाटक १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. पण ते पाहायला देवल नव्हते. १४ जून १९१६ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते.

पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. 'शारदा कायदा' म्हणून तो ओळखला जातो. हे नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्यावरून आले असले, तरी मराठी माणसाला त्यात देवलांची शारदाच आठवली. १९७८ मध्ये मुलीच्या वयाची ही मर्यादा अठरावर गेली आणि २००६ मध्ये अधिक कडक कायदा झाला. तरीही महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत आजही ऐन मांडवात बालविवाह रोखावे लागतात. तेथे पोलीस किंवा बालकल्याण अधिकारी वेळेवर पोहोचले, तरच एखाद्या शारदेची सुटका होते.