स्वप्नात सुचलेला प्रयोग आणि कानाची क्लिप

विरारहून शेवटची बस पकडून अर्नाळ्याला पोचलो, तरी डोळा लागत नाही. रील्स बघताना जाहिरात येते: कानाला क्लिप लावा, झोप लागेल. या क्लिपची गोष्ट ऑटो लोवींपासून सुरू होते.

लोवींचा जन्म 1873 चा, फ्रँकफर्टचा. ऑस्ट्रियात ग्राझला ते प्राध्यापक होते. एका रात्री झोपेत प्रयोग सुचला, कागदावर खरडला. सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! पुढच्या रात्री तीनला तीच कल्पना परत आली. या वेळी ते थेट लॅबमध्ये गेले. बेडकाच्या हृदयाच्या व्हेगस नसेला करंट दिला, ठोके मंदावले. त्यातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तेही मंदावलं. म्हणजे नस रसायनातून निरोप देते! 1936 मध्ये नोबेल मिळालं. 1938 मध्ये ज्यू म्हणून नाझींनी तुरुंगात टाकलं, नोबेलचे पैसेही घेतले. 1961 मध्ये न्यूयॉर्कला त्यांचं निधन झालं.

व्हेगसची एक फांदी कानापर्यंत येते. क्लिप तिथे त्वचेवरूनच हलका करंट देते. निद्रानाशावर तिचे काही अभ्यास आशादायक आहेत, पण अजून पुरेसे नाहीत. लोवींनी दुसऱ्या हृदयावर तपासूनच निष्कर्ष काढला. आपणही जाहिरातीवर विसंबू नये. आधी डॉक्टरांना विचारा.