डार्विनचा नित्यनेम

पूर्वी इंग्लंडच्या केंट परगण्यात मोडणारे डाऊन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील एका घराच्या बागेपलीकडे, झाडीच्या कडेकडेने जाणारी वाळूची एक पायवाट होती. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी रोज दुपारी बाराच्या सुमारास एक उंच, किंचित वाकलेला गृहस्थ हातात काठी घेऊन त्या वाटेवर येई. वळणावर तो काही गारगोट्यांची रास रची आणि एक फेरी पुरी झाली, की एक गारगोटी बाजूस सारी. फेऱ्या मोजण्याच्या नादात विचारांची साखळी तुटू नये, म्हणून त्याने ही युक्ती योजली होती. ऊन असो वा पाऊस, त्याचा हा नेम सहसा चुकत नसे. हा गृहस्थ म्हणजे थोर सृष्टिशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन होय.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी श्रूजबरी या गावी झाला. त्याचे वडील नामांकित वैद्य होते. आठ वर्षांचा असतानाच तो आईच्या मायेस पारखा झाला. शाळेतील अभ्यासात त्याचे मन रमत नसे. रानावनांत हिंडावे, किडे गोळा करावेत, शिकारीस जावे, हाच त्याचा छंद. मुलाने वैद्य व्हावे म्हणून वडिलांनी त्याला एडिंबरो येथे धाडले. परंतु रोग्यांवरील शस्त्रक्रिया त्याला पाहवेनात. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. अखेर तो शिक्षण अर्धवट सोडून परतला. पुढे धर्मोपदेशक होण्यासाठी तो केंब्रिजला गेला. तेथेही अभ्यास मागे पडला आणि भुंगेरे गोळा करण्यातच त्याचे दिवस निघून गेले. या मुलाचे पुढे कसे होणार, अशी चिंता वडिलांना वाटू लागली.

१८३१ च्या अखेरीस त्याच्या आयुष्याला निराळे वळण लागले. 'बीगल' नावाचे जहाज जगाच्या प्रवासास निघाले होते. त्यावर सृष्टिनिरीक्षक म्हणून जाण्याची संधी डार्विनला मिळाली. जहाज लहान; त्याच्या वाट्यास आलेली जागा तर फारच तोकडी. त्यातच समुद्र लागून तो वारंवार आजारी पडे. अशा अडचणीत वस्तू कशाही टाकून चालण्यासारखे नव्हते आणि काम उद्यावर ढकलूनही चालण्यासारखे नव्हते. आजचे निरीक्षण आज लिहिले नाही, तर उद्या नवा किनारा आणि नवे प्राणी समोर उभे राहणार! म्हणून तो पाहिलेल्या गोष्टींची तत्परतेने टिपणे करू लागला. गोळा केलेल्या नमुन्यांना तो क्रमांक घालून ठेवी. जवळजवळ पाच वर्षे हा क्रम चालला. १८३६ साली जहाज मायदेशी परतले, तेव्हा पूर्वीचा छंदी तरुण उद्योगी संशोधक बनला होता.

१८४२ साली डार्विन पत्नी एमा व मुले यांच्यासह डाऊन येथे राहावयास गेला. तोवर त्याची प्रकृती ढासळू लागली होती. वांत्या होत, थकवा येई. कित्येक दिवस तर हाती लेखणीही धरवत नसे. दिवसभर काम करणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते. तेव्हा जेवढे बळ आहे, तेवढ्याचाच नीट उपयोग करावयाचा, असे त्याने ठरविले. सकाळी लवकर उठून तो थोडे फिरून येई व न्याहारी करी. आठ ते साडेनऊ हा दीड तास तो सर्वांत महत्त्वाच्या कामास देई. मग पत्रे ऐकत तो थोडा विसावा घेई. साडेदहा ते बारा पुन्हा काम, त्यानंतर वाळूच्या वाटेवरील फेऱ्या, दुपारी पत्रोत्तरे व विश्रांती, आणि सायंकाळी आणखी तासभर काम. म्हणजे दिवसाकाठी मोठ्या कष्टाने चारच तास. पण प्रकृतीने साथ दिली, की ते चार तास तो वाया जाऊ देत नसे.

त्याची आणखी एक सवय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या अभ्यासिकेत निरनिराळ्या विषयांचे तीस-चाळीस कप्पे होते. कोणतीही उपयुक्त माहिती हाती आली, की तिचे टिपण तो लगेच योग्य त्या कप्प्यात टाकी. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट आढळली, तर ती तर तो तत्काळ लिहून ठेवी. कारण गैरसोयीच्या गोष्टी मन लवकर विसरते, हे त्याने अनुभवाने ओळखले होते. समुद्रातील खडकांना आणि जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नावाच्या क्षुद्र प्राण्यांचा त्याने अशाच चिकाटीने तब्बल आठ वर्षे अभ्यास केला.

असे असूनही एका बाबतीत डार्विनच्या हातून मोठी दिरंगाई झाली. जीवजाती बदलत जातात व या बदलामागे नैसर्गिक निवडीचे तत्त्व असते, हा विचार त्याला १८३८ मध्येच सुचला होता. १८४४ पर्यंत त्याने त्यावर सुमारे २३० पानांचा निबंधही लिहिला. आपण अकाली मेलो तर तो छापावा, असे पत्र त्याने पत्नीसाठी लिहून ठेवले. पण स्वतः मात्र तो छापला नाही. लोक खवळतील ही भीती होती आणि आणखी पुरावा हवा ही तळमळही होती. मित्रांच्या आग्रहावरून १८५६ मध्ये त्याने मोठा ग्रंथ लिहावयास घेतला, पण तो लवकर संपेना.

इतक्यात, जून १८५८ मध्ये, आजच्या इंडोनेशियातील एका बेटावरून आल्फ्रेड वॉलेस या संशोधकाचे टपाल आले. त्यातील लेख वाचून डार्विन थक्क झाला. आपण वीस वर्षे जपलेला विचारच वॉलेसने स्वतंत्रपणे मांडला होता! त्याच सुमारास डार्विनचे तान्हे मूल तापाने वारले. त्या दुःखातही वॉलेसवर अन्याय होऊ नये, हीच त्याला काळजी होती. अखेर मित्रांच्या मध्यस्थीने १ जुलै १८५८ रोजी दोघांचेही लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचण्यात आले.

आता मात्र डार्विनने विलंब केला नाही. अंगात बळ नव्हते, मन दुःखी होते. पण नित्याचा क्रम होता आणि कप्प्यांत वीस वर्षांची टिपणे सिद्ध होती. रोज थोडे थोडे लिहीत त्याने सुमारे तेरा महिन्यांत ग्रंथ पुरा केला. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा तो जगप्रसिद्ध ग्रंथ २४ नोव्हेंबर १८५९ रोजी प्रसिद्ध झाला. १२५० प्रतींची ती आवृत्ती पुस्तकविक्रेत्यांनी पहिल्याच दिवशी उचलली. जीवसृष्टीकडे पाहण्याची माणसाची दृष्टीच त्या ग्रंथाने पालटून टाकली.

डार्विनचा उद्योग अखेरपर्यंत चालू होता. १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरविले होते. २९ वर्षांनी तेथे चर खणून पाहिला, तेव्हा ते तुकडे सात इंच खोल गेलेले आढळले. गांडुळांनी कण कण माती वर आणून त्यांना झाकून टाकले होते! गांडुळांवरील त्याचा ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी, १९ एप्रिल १८८२ रोजी, त्याचे निधन झाले.

एका गांडुळाचे बळ ते किती! पण त्यांचे काम अखंड चालते, म्हणून शेताचे रूप पालटते. दुबळ्या शरीराच्या डार्विननेही रोजच्या दीड-दीड तासांतून असेच अफाट कार्य उभे केले. मोठे काम पाहून मन कचरते व ते उद्यावर ढकलू पाहते. अशा वेळी आजच्या वाट्याची एकच गारगोटी बाजूस सारावी. उरलेल्या फेऱ्या मग आपोआप पुऱ्या होत जातात.