दुसरा न्यूटन

न्यूटन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? सफरचंद, गतीचे तीन नियम आणि फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स. त्या न्यूटनने आपल्या होस्टेलमधल्या किती जणांना केटी लावली, त्याचा हिशेब इथे नको. मी लिहितोय तो न्यूटन वेगळा. तो गोव्याचा. पूर्ण नाव फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्याने आयुष्यात एकही समीकरण मांडलं नाही. तो माणसांचे चेहरे रंगवायचा, आणि ते चेहरे पाहून भलेभले दचकायचे.

मी स्वतः मेकॅनिकलचा. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, त्यानंतर ड्रॉइंग म्हणजे टी-स्क्वेअर आणि सेक्शनल व्ह्यू. त्यामुळे हा काही जाणकाराचा लेख नाही. पण मित्रांनो, सूझाची गोष्ट कळल्यापासून मला पृष्ठभाग या शब्दाचा वेगळाच अर्थ लागला. वर्कशॉपमध्ये आपण फाइल घासघासून जॉब गुळगुळीत करतो. हा माणूस बरोबर उलटं करत होता, आणि त्याला त्याचं कारण होतं.

सूझाचा जन्म १२ एप्रिल १९२४ चा. गाव बार्देशातलं साळगाव. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. पोरगं काही महिन्यांचं असतानाच वडील वारले आणि पुढच्या वर्षी बहीण गेली. आई शिवणकाम आणि भरतकाम करून पोट भरायची, त्यासाठी ती मुंबईला आली. मग लहानपणीच त्याला देवी आल्या. आज आपल्याला देवीची साथ म्हणजे काय हे माहीत नाही, कारण भारत १९७७ मध्ये या रोगातून मुक्त झाला. तेव्हा मात्र देवी आल्या की पोर हाती लागेलच याची खात्री नसायची. आईने सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला की पोरगा वाचला तर त्याला पाद्री करीन. पोरगा वाचला. न्यूटनच्या आधी फ्रान्सिस हे नाव लागलं. पाद्री होणं काही जमलं नाही, आणि चेहऱ्यावर देवीचे व्रण राहिले ते कायमचेच.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्याची पुढची चित्रं पाहताना ती सारखी आठवते.

त्या काळी आपल्याकडे व्यक्तिचित्र म्हणजे काय होतं? मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विलायती पद्धतीचं शिक्षण मिळायचं. समोरच्या माणसाचं हुबेहूब रूप, कातडीवरचा मऊ उजेड, कपड्याची घडी न् घडी. सावंतवाडीकडच्या सावळाराम हळदणकरांचं समई घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र तुम्ही कॅलेंडरवर नक्की पाहिलं असेल. ते १९४५ च्या सुमाराचं आहे, आणि आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हाताआडून येणारा समईचा उजेड बघत राहावं असा. पण त्या चित्रात कागद दिसत नाही, रंगाचा थर दिसत नाही, कुंचला कुठून कुठे गेला ते कळत नाही. चांगल्या चित्राची खूण हीच, की सामान दिसू नये आणि माणूस दिसावा.

सूझा १९४० मध्ये त्याच जे. जे.मध्ये दाखल झाला. त्याआधी त्याला शाळेतून काढलं होतं. शौचालयाच्या भिंतीवर नको ती चित्रं काढल्याचा ठपका होता. जे. जे.मध्येही तो टिकला नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला म्हणून १९४५ मध्ये तिथूनही नाव कमी झालं. एकवीस वर्षांचा पोरगा, घरी विधवा आई, हातात डिप्लोमा नाही. आपल्यापैकी एखादा खोलीचं दार लावून पडून राहिला असता. सूझाच्या चरित्रात असं येतं की तो तडक घरी गेला आणि रागाच्या भरात ट्यूब थेट प्लायवूडवर पिळून, पॅलेट नाइफने रंग फासून त्याने एका निळ्या बाईचं चित्र केलं. ते पुढे बडोद्याच्या म्युझियमने विकत घेतलं.

पॅलेट नाइफ म्हणजे गवंड्याच्या थापीचं लहान भावंड. थापीने गिलावा मारावा तसा त्याने रंग मारता येतो. कुंचल्याने रंग पसरतो, थापीने तो साचतो. साचलेल्या रंगाला उंची असते, कडा असते, सावली पडते. म्हणजे द्विमिती चित्रात तिसरी मिती घुसते, आणि तीसुद्धा पर्स्पेक्टिव्हची युक्ती न करता, खरीखुरी, मिलिमीटरमध्ये मोजता येणारी.

इथे थोडं मटेरियल सायन्स. ऑइल पेंटमधलं तेल बहुधा जवसाचं असतं, ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याचंच. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्यातूनच घट्ट होतं. थर जाड असला तर वर साय धरते आणि आत बरेच दिवस ओलं राहतं. कापड वाऱ्याने, दमटपणाने ताणतं, सैल होतं, मग त्यावरचा जाड थर तडकायची भीती. फळी मात्र तशी हलत नाही. सूझाची पन्नाशीच्या दशकातली कितीतरी चित्रं कॅनव्हासवर नसून बोर्डावर आहेत. इतका जाड रंग पेलायला तो आधार बरा, एवढं तर आपल्यालाही कळतं.

१९४७ मध्ये सूझाने काही मित्र जमवून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सहा जण होते. सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे. आता आम्हा वऱ्हाडातल्या पोरांनी कॉलर ताठ करावी अशी गोष्ट सांगतो. यातले हरी अंबादास गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. धामणगाव रेल्वे तालुक्यातलं तळेगाव दशासर आपण शंकरपटासाठी ओळखतो, तिथे १९१७ मध्ये त्यांचा जन्म झाला. विज्ञानाचे पदवीधर, म्हणजे जवळजवळ आपल्याच बिरादरीचे. त्यांनी निसर्गचित्रं केली, तीही पॅलेट नाइफने जाड थर देऊन. रझासुद्धा नागपूरच्या कलाशाळेतच शिकले. म्हणजे मुंबईत जे वादळ उठलं त्यातला थोडा वारा विदर्भातला होता. मी अचलपूरचा. आमच्या गावात हे नाव मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

ग्रुपचं प्रदर्शन १९४९ मध्ये मुंबईत भरलं. त्याच वर्षी सूझाच्या एका नग्न आत्मचित्रावरून गदारोळ झाला, चित्र भिंतीवरून उतरलं, पोलिसांनी घराची झडती घेतली. त्याने बोट पकडली आणि लंडन गाठलं. पहिली पाच-सहा वर्षं फार वाईट गेली. बायको मारियाच्या कमाईवर घर चालत होतं. हे सांगायला हवं, कारण संसाराच्या बाबतीत हा माणूस कोणाला आदर्श म्हणून दाखवावा असा नव्हता, आणि त्याच्या चित्रांची किंमत त्याच्या घरच्यांनीही मोजली आहे.

१९५५ मध्ये लंडनच्या गॅलरी वनमधल्या त्याच्या प्रदर्शनातली चित्रं विकली गेली आणि नाव झालं. त्याच वर्षीचं एक चित्र आहे, मिस्टर सेबास्टियन. ख्रिस्ती परंपरेत सेंट सेबास्टियनला झाडाला बांधून बाणांनी विंधतात. सूझाने त्याला सूटबूट चढवला, टाय लावला आणि बाण थेट चेहऱ्यात आणि मानेत घुसवले. ऑफिसात जाणारा साहेब, आणि तोंडात बाण! डोळे कपाळावर चढलेले, काळ्या जाड रेषा एकमेकींना कापत गेलेल्या, टाके घातल्यासारख्या. मला उगीच वाटतं की आईच्या भरतकामातली सुई या रेषांमध्ये उतरली असावी. व्रणांबद्दल तर वाटण्याचाही प्रश्न नाही. त्याच्या चेहऱ्यांवर खड्डे आहेत, ओरखडे आहेत, कुंचल्याचे फटके आहेत. १९५८ मध्ये गुगेनहाइम पुरस्कारासाठी ब्रिटनच्या बाजूने निवडलेल्या पाच चित्रकारांत तो होता.

आता मला सगळ्यात आवडलेला प्रयोग. १९६५ च्या आसपास त्याने काळ्यावर काळी चित्रं केली आणि १९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत मांडली. पार्श्वभूमी काळी, चेहराही काळा. पुस्तकात त्यातलं एक पाहिलं तेव्हा छपाईच बिघडली असं मला वाटलं. पुढे मुंबईला इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो असताना एका प्रदर्शनात तसं चित्र प्रत्यक्ष समोर आलं. समोरून नुसती काळी पाटी. दोन पावलं बाजूला सरकलो, दिव्याचा उजेड तिरपा लागला, आणि एकदम नाक, जबडा, डोळे वर आले. रंगात फरक शून्य. फरक फक्त कुंचला कोणत्या दिशेने ओढला, थर कुठे जाड, कुठे चकाकी आणि कुठे मंद, एवढाच. सरफेस रफनेस तपासताना आपण जॉब उजेडात तिरपा धरतो ना, अगदी तसं. रंग काढून घेतला, रूप काढून घेतलं, तरी नुसत्या पोतावर माणूस उभा राहतो, हे त्याने करून दाखवलं.

१९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. तोवर त्याला आणखी एक खेळ सापडला होता. गुळगुळीत मासिकांच्या रंगीत पानांवरची छपाईची शाई काही द्रावणांनी सुटते. तो पान घ्यायचा, त्यावर रसायन लावायचं, सुटलेली शाई सारायची, पुसायची आणि उरलेल्यावर आपल्या रेषा काढायच्या. जाहिरातीतली डाग नसलेली सुंदर तोंडं त्याच्या हाताखाली वितळायची आणि त्यातून सूझाचे चेहरे निघायचे. छापील पान, रसायन आणि शाई मिळून एक चित्र. आज याला मिक्स्ड मीडिया म्हणतात आणि यूट्यूबवर त्याचे धडे मिळतात. तो हे साठीच्या दशकापासून करत होता. बोर्डावर त्याने गुळगुळीत रंग खडबडीत केला होता, इथे त्याने गुळगुळीत कागदाला तेच करून दाखवलं.

हे सगळं वाचून हात शिवशिवले. मागच्या सुट्टीत परतवाड्याच्या आरामशीतून पिशवीभर सागाचा भुसा आणला, फेविकॉलमध्ये कालवला, पोस्टर कलर घातला आणि प्लायवूडच्या तुकड्यावर आमच्या शेजारच्या आजोबांचा चेहरा करायला बसलो. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या. खोलीतल्या मित्राचं म्हणणं पडलं की म्हाताऱ्या माणसाचे व्रण असे उठवून दाखवणं बरं नाही. मलाही धाकधूक होतीच. पूर्ण झाल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, भुशाच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं आणि मग तेच बोट आपल्या गालावरून. त्यांच्या लग्नात काढलेल्या फोटोत फोटोग्राफरने हे डाग खोडून टाकले होते, असं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. चित्र त्यांनी ठेवून घेतलं. हुबेहूब आलं नव्हतं, पण आपलं आहे असं त्यांना वाटलं असावं.

तेव्हापासून मी अचलपुरातल्या भिंतीही नीट बघतो. दुल्हा दरवाजाजवळचा चुन्याचा जुना गिलावा, त्यावरचे रंगाचे हात, फाटलेली पोस्टरं, पावसाचे ओघळ. कोणीही न ठरवता झालेलं मिक्स्ड मीडिया. सूझाने अचलपूर पाहिलं असेल असं नाही, पण इथे त्याला काम पुरलं असतं.

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत सूझा वारला. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. त्याच्या बर्थ या १९५५ च्या चित्राला २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांहून जास्त किंमत आली. प्लेसमेंटच्या पॅकेजशी तुलना करू नका, रात्री झोप लागणार नाही.

तुमच्यापैकी कोणी मुंबईला गेलं, तर काळाघोड्याला नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एक चक्कर मारा. सूझाचं किंवा आपल्या गाड्यांचं चित्र लागलेलं असलं तर आधी समोर उभं राहा, आणि मग भिंतीच्या कडेला जाऊन तिरपं बघा. वॉचमन तुमच्याकडे बघेल, बघू द्या.