डिस्क ब्रेकचे जनक : फ्रेडरिक लँचेस्टर

वेगवान मोटारीच्या चाकाच्या आऱ्यांमधून डोकावणारा लाल किंवा पिवळा रंग आता शहरवासीयांच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. हा रंग असतो ब्रेकच्या कॅलिपरचा. चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडून गाडी थांबविणारा हा भाग एकेकाळी चाकाआड दडलेला असे. आज तो गाडीच्या सामर्थ्याची खूण म्हणून मिरविला जातो. पोर्शच्या सिरॅमिक ब्रेकचे कॅलिपर पिवळे असतात आणि जाणकार दुरूनच ते ओळखतात.

हा रंग ब्रशने दिलेला साधा रंग नसतो. पावडर कोटिंग करण्यासाठी कॅलिपर पूर्ण उघडून त्यातील पिस्टन आणि रबरी सील काढून घेतले जातात, कारण भट्टीच्या उष्णतेत सील टिकत नाहीत. वाळूसदृश कणांचा मारा करून धातू स्वच्छ केला जातो. पिस्टनची भोके, आटे आणि घट्ट बसणारे पृष्ठभाग झाकले जातात. मग विद्युतभारित पावडर फवारून तो भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो. पावडर वितळून तिचा कठीण, एकसंध थर तयार होतो. साध्या रंगाला खाऊन टाकणाऱ्या ब्रेक ऑइलपुढेही हा थर बराच काळ टिकाव धरतो. ब्रेक म्हणजे अखेर गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. त्यामुळे त्यावरचा रंगदेखील आगीतून तावून सुलाखून निघालेला असावा लागतो.

मात्र या चकचकीत चिमट्याची मूळ कल्पना १९०२ साली ज्याने पेटंट कार्यालयात नोंदविली, त्या इंग्रज अभियंत्याच्या वाट्याला या झळाळीचा अंशही आला नाही. फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर हे त्याचे नाव. मोटार, विमान आणि युद्धशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत मूलभूत भर घालणाऱ्या या प्रतिभावंताचे अखेरचे दिवस आर्थिक विवंचनेत गेले.

वास्तुविशारदाचे घर

लँचेस्टर यांचा जन्म २३ ऑक्टोबर १८६८ रोजी लंडनच्या लुईशम भागात झाला. वडील हेन्री जोन्स लँचेस्टर हे वास्तुविशारद होते, तर आई ऑक्टेव्हिया लॅटिन आणि गणिताची शिकवणी घेत असे. आठ भावंडांत फ्रेडरिक चौथे. त्यांच्या जन्मानंतर लवकरच हे कुटुंब समुद्रकाठच्या ब्रायटनजवळ स्थायिक झाले. थोरले बंधू हेन्री व्हॉन यांनी वडिलांचा व्यवसाय पत्करला. जोधपूरचा सुप्रसिद्ध उमेद भवन राजवाडा ही त्यांचीच निर्मिती.

फ्रेडरिक यांचा ओढा मात्र यंत्रांकडे होता. साउदॅम्प्टनच्या हार्टली इन्स्टिट्यूशनमध्ये आणि नंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील विज्ञान संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले, पण पदवी न घेताच ते बाहेर पडले. पेटंटसाठी लागणारी रेखाचित्रे काढून देण्याची नोकरी त्यांनी काही काळ केली. आठवड्याला तीन पौंड मिळत. ती सोडून त्यांनी बर्मिंगहॅमच्या फॉरवर्ड गॅस इंजिन कंपनीत आठवड्याला अवघ्या एका पौंडावर काम स्वीकारले.

या नोकरीच्या करारात एक अट होती. कर्मचाऱ्याने केलेली कोणतीही तांत्रिक सुधारणा कंपनीच्या मालकीची होईल, असे त्यात नमूद होते. विशीतल्या या तरुणाने सही करण्यापूर्वी ते कलम खोडून टाकले. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये त्यांनी इंजिनाचा वेग आपोआप आवरणारा गव्हर्नर शोधून काढला आणि तो बसविलेल्या प्रत्येक इंजिनामागे दहा शिलिंग मानधन मिळविले. शोधाला किंमत असते आणि ती शोधकाला मिळाली पाहिजे, हे त्यांना इतक्या लवकर उमगले होते. पुढच्या आयुष्यात मात्र हे गणित त्यांना कधी नीटसे साधले नाही.

तांब्याचा कर्कश आवाज

गॅस इंजिनांवरून लँचेस्टर मोटारीकडे वळले. १८९६ च्या सुरुवातीला त्यांची पहिली गाडी रस्त्यावर आली. पेट्रोलवर चालणारी, संपूर्णपणे ब्रिटिश रचनेची ती पहिली चारचाकी मोटार मानली जाते. त्या वेळी ब्रिटनमध्ये यांत्रिक वाहनाला गावाबाहेर ताशी चार आणि गावात ताशी दोन मैलांहून अधिक वेगाने जाण्यास कायद्याने बंदी होती. ही मर्यादा शिथिल होण्यास त्या वर्षाचा नोव्हेंबर उजाडावा लागला.

त्या काळातील बहुतेक मोटारी म्हणजे घोडा काढून इंजिन बसविलेल्या बग्ग्या असत. लँचेस्टर यांनी गाडीचा प्रत्येक भाग नव्याने विचार करून घडविला. डिसेंबर १८९९ मध्ये त्यांनी फ्रँक आणि जॉर्ज या बंधूंच्या साथीने लँचेस्टर इंजिन कंपनी स्थापन केली. एका गाडीचा सुटा भाग दुसऱ्या गाडीला जसाच्या तसा बसला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. ब्रिटिश मोटार उद्योगात ही शिस्त तेव्हा नवीच होती. मुंबईत जन्मलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे या कंपनीच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक होते. पुढे भारतीय संस्थानिकांमध्येही या गाड्या लोकप्रिय झाल्या.

याच वर्षांत, १९०२ साली त्यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. मागच्या चाकाला जोडलेली धातूची पातळ चकती आणि तिची कड दोन्ही बाजूंनी आवळणारे जबडे अशी ही रचना होती. आजच्या कॅलिपरचे मूळ रूप ते हेच.

अडचण होती ती घासल्या जाणाऱ्या पदार्थाची. उष्णता सोसेल असे योग्य लायनर तेव्हा उपलब्ध नव्हते. लँचेस्टर यांनी तांब्याचा वापर केला. धातूवर धातू घासला जाऊन असा काही कर्कश आवाज होई, की गाडीतल्यांना आणि रस्त्यावरच्यांनाही तो असह्य व्हावा. धुळीच्या रस्त्यांवर तांबे झिजतही लवकर असे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसचे लायनर आणले आणि आवाजाचा प्रश्न बराचसा सुटला. पण तोवर फ्रान्सच्या लुई रेनो यांनी त्याच सुमारास पुढे आणलेला ड्रम ब्रेक प्रचलित झाला होता. त्या काळच्या मंद गाड्यांना तो पुरेसा होता.

कंपनीचे भांडवल तुटपुंजे होते. मागणी असूनही १९०४ मध्ये ती अडचणीत आली आणि लँचेस्टर मोटर कंपनी या नावाने तिची पुनर्रचना करावी लागली. संचालक मंडळाशी फ्रेडरिक यांचे फारसे जमले नाही. काही वर्षांत त्यांनी गाड्यांच्या रचनेची जबाबदारी जॉर्ज यांच्याकडे सोपविली आणि ते १९०९ पासून डेमलर कंपनीचे सल्लागार झाले.

आकाशाचे गणित

मोटारीच्या धंद्यात असतानाही लँचेस्टर यांच्या मनात पक्ष्यांचे उड्डाण घोळत होते. बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरील खिडकीतून ते लहान ग्लायडर सोडून निरीक्षणे करीत. पंखाला उचल कशी मिळते आणि पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे कसे मागे सुटतात, याचा सिद्धांत त्यांनी राइट बंधूंच्या उड्डाणापूर्वीच मांडला होता. मात्र १८९७ साली त्यांनी पाठविलेला निबंध लंडनच्या विद्वत्सभांनी नाकारला.

अखेर १९०७ आणि १९०८ मध्ये त्यांनी दोन ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यांची भाषा आणि परिभाषा स्वतः घडविलेली, त्यामुळे मायदेशातील अनेकांना ती दुर्बोध वाटली. जर्मनीतील गटिंगेनच्या लुडविग प्रांड्टल यांना मात्र तिचे महत्त्व समजले. पंखाच्या उचलीचा जो गणिती सिद्धांत प्रांड्टल यांनी पुढे पूर्णत्वास नेला, त्याला आज अनेक ठिकाणी लँचेस्टर-प्रांड्टल सिद्धांत म्हणून ओळखले जाते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लढाईलाच गणिताच्या चौकटीत बसविले. आधुनिक शस्त्रांनी लढणाऱ्या सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्यांचा नियम. एक हजार सैनिक एकत्र लढले, तर पाचशे-पाचशेच्या दोन वेगवेगळ्या तुकड्यांच्या एकत्रित बळापेक्षा त्यांचे बळ दुप्पट भरते. या विचारातून पुढे ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या शास्त्राचा एक पाया रचला गेला. या विषयातील लेखनासाठी दिले जाणारे एक मानाचे पारितोषिक आजही लँचेस्टर यांच्या नावाने ओळखले जाते.

मान आले, धन नाही

वयाच्या पन्नाशीत, १९१९ साली लँचेस्टर यांचा डोरोथिया कूपर यांच्याशी विवाह झाला. या दांपत्याला अपत्य नव्हते. १९२२ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली. पुढे रॉयल एरोनॉटिकल सोसायटीचे सुवर्णपदक आणि अमेरिकेचे गुगेनहाइम पदकही त्यांना मिळाले.

आर्थिक बाजू मात्र खचत गेली. १९२५ साली काढलेली संशोधन कंपनी तोट्यात जाऊन १९३४ मध्ये बंद पडली. त्याआधीच, १९२९ मध्ये डेमलरचा आधार सुटला होता. १९३१ मध्ये त्यांच्या नावाची मोटार कंपनीही बीएसए समूहाने विकत घेतली. कंपवाताने हात थरथरू लागले आणि मोतीबिंदूने दृष्टी मंदावली. रेखाचित्रे हेच ज्याचे आयुष्य, त्याच्यासाठी याहून मोठा आघात कोणता? बर्मिंगहॅमच्या मोझली भागातील आपले घर टिकविण्यासाठी त्यांना इतरांच्या मदतीवर विसंबावे लागले. अभियंत्यांच्या संस्थेने १९४५ मध्ये त्यांना जेम्स वॅट आंतरराष्ट्रीय पदक जाहीर केले. त्यानंतर काही महिन्यांतच, ८ मार्च १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

चारशेहून अधिक पेटंटे नावावर असलेल्या माणसाची ही अवस्था का व्हावी? याचे एक उत्तर पेटंटच्या मुदतीत सापडते. १९०२ साली ब्रिटनमध्ये पेटंटचे आयुष्य चौदा वर्षांचे होते. म्हणजे डिस्क ब्रेकवरील त्यांचा हक्क १९१६ च्या सुमारास संपला. प्रत्यक्षात मोटारींना त्या ब्रेकची गरज भासली ती त्यानंतर जवळपास चार दशकांनी. १९५३ च्या ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार गाड्यांनी पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक पटकाविला. ड्रम ब्रेक तापून निकामी होत असताना उघड्या हवेत निवणाऱ्या चकत्यांनी अखेरपर्यंत साथ दिली. विजेत्या गाडीने ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी राखली. या शर्यतीत असे प्रथमच घडत होते. दोनच वर्षांनी सिट्रोएनच्या ‘डीएस’ या गाडीने हे ब्रेक सामान्य ग्राहकांपर्यंत नेले.

इंजिनाची थरथर शमविणाऱ्या ‘बॅलन्स शाफ्ट’चीही हीच कथा. ही रचना लँचेस्टर यांनी १९१० च्या आसपास मांडली. मित्सुबिशीने ती १९७० च्या दशकात सुधारून वापरली आणि पोर्शने आपल्या ‘९४४’ या मोटारीसाठी मानधन मोजले ते मित्सुबिशीला.

आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर धावणाऱ्या असंख्य मोटारसायकलींच्या पुढच्या चाकावरही चकती आणि कॅलिपर दिसतात. हौशी मंडळी गॅरेजमध्ये जाऊन त्यावर आवडीच्या रंगाचे कोटिंग करून घेतात. चकतीला चिमटीत धरण्याची कल्पना तीच आहे. बदलली ती लायनरची सामग्री, ऑइलचा दाब आणि धातूचा दर्जा. लँचेस्टर यांच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. कंठशोष करणारे तांबे तेवढे होते.