जेम्स प्रिन्सेप : विसरलेल्या अक्षरांचे वाचक

इ. स. पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या धर्माज्ञा खडकांवर आणि दगडी स्तंभांवर कोरविल्या. त्या चिरकाल टिकाव्यात हा त्याचा हेतू होता, आणि दगड टिकलेही. परंतु पुढील शतकांत अक्षरांची वळणे बदलत गेली आणि मूळ ब्राह्मी लिपी ओळखणारे कोणी उरले नाही. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने असे दोन स्तंभ दिल्लीस आणविले व विद्वानांना पाचारण केले. पण त्यांतील एकालाही तो मजकूर लागला नाही. वाचणारे संपले तेव्हा लेख मुके झाले. त्यांना पुन्हा वाचा मिळाली ती टांकसाळीतील एका अधिकाऱ्यामुळे.

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडिलांनी भारतात निळीच्या व्यवसायात संपत्ती मिळविली होती. पुढे ती गेली. जेम्स यांनी वास्तुकलेचे शिक्षण आरंभले, परंतु डोळ्यांच्या विकारामुळे ते सोडावे लागले. मग लंडनच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहण्याची विद्या शिकून ते १८१९ मध्ये कलकत्त्यास आले. तेथील टांकसाळीत संस्कृतचे पंडित होरेस हेमन विल्सन हे त्यांचे वरिष्ठ होते.

लवकरच त्यांची नेमणूक बनारसच्या टांकसाळीवर झाली. तेथील सुमारे दहा वर्षांत त्यांनी नगराचा नकाशा तयार केला, सांडपाण्यासाठी भुयारी नाला बांधविला, कर्मनाशा नदीवर पूल उभारला आणि घाटांची व मंदिरांची चित्रे रेखाटली. १८३० मध्ये ते कलकत्त्यास परतले. एका ग्रेनच्या ३००० व्या भागाचाही फरक दाखविणारा तराजू त्यांनी तयार केला होता. सूक्ष्म भेद टिपण्याची हीच सवय पुढे अक्षरांच्या कामी आली.

विल्सन यांच्यानंतर एशियाटिक सोसायटीचे सचिवपद त्यांच्याकडे आले. सोसायटीच्या नियतकालिकाचे ते संपादक होते. त्यांनी देशभरातील अधिकाऱ्यांना व जिज्ञासूंना नाणी आणि शिलालेखांचे ठसे पाठविण्याचे आवाहन केले, आणि दूरदूरहून सामग्री येऊ लागली.

प्रथम त्यांनी अलाहाबादच्या स्तंभावरील अक्षरे तपासली. प्रत्येक अक्षर किती वेळा व कोणकोणत्या फरकांनी येते याचा त्यांनी तक्ता केला. एकाच अक्षराला ठरावीक चिन्हे जोडली जातात असे दिसताच, ही स्वरचिन्हे असावीत आणि लिपीची रचना देवनागरीसारखीच असावी, हे त्यांच्या ध्यानी आले. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारमधील स्तंभांवर बराचसा मजकूर एकच आहे, हेही त्यांनी ताडले. तरीही अक्षरांचे उच्चार हाती लागत नव्हते.

ती किल्ली १८३७ मध्ये सांचीहून आली. तेथील स्तूपाच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी पाठविले होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि एक टिंब होते. देवस्थानात भाविक आपल्या नावानिशी दान कोरवितात, हे प्रिन्सेप जाणून होते. तेव्हा शेवटचा शब्द ‘दानं’ असावा आणि त्याआधीचे ‘स’ हे षष्ठीचे चिन्ह असावे, असा त्यांनी तर्क केला. द, न आणि अनुस्वार सापडताच इतर अक्षरेही उलगडत गेली. कमलाकांत विद्यालंकार या पंडितांचे साहाय्य त्यांना लाभले.

स्तंभांवर ‘देवानंपिय पियदसि’ या राजाचा उल्लेख मिळाला. प्रिन्सेप यांना तो प्रथम सिंहलद्वीपाचा राजा वाटला. परंतु जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांच्या आधारे तो मौर्य अशोक असल्याचे दाखविताच त्यांनी आपले मत बदलले. गिरनारच्या लेखाची प्रत मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या प्रयत्नाने कलकत्त्यास पोहोचली. तीत अंतियोक व तुरमाय या ग्रीक राजांची नावे सापडली, आणि अशोकाचा काळ निश्चित करण्यास भक्कम आधार मिळाला.

दिवसा टांकसाळ आणि उरलेला सारा वेळ ठसे व नाणी, असा हा परिश्रम देहाला झेपला नाही. १८३८ च्या अखेरीस ते आजारी अवस्थेत इंग्लंडला परतले आणि २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी, निवर्तले. कलकत्त्याच्या नागरिकांनी हुगळीकाठी त्यांच्या स्मरणार्थ घाट बांधला.

१८८२ मध्ये मुंबईजवळ सोपारा येथे भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या लेखाचा तुकडा सापडला, तेव्हा तो वाचता येत होता. १९१५ मध्ये कर्नाटकातील मस्की येथे राजाचे ‘अशोक’ हे नावच मिळाले व टर्नर यांचा निष्कर्ष पक्का ठरला.

देवनागरी, बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ या साऱ्या लिप्या ब्राह्मीच्याच लेकी. मोडीदेखील त्याच घराण्यातली. आज अनेक मराठी घरांत पूर्वजांची मोडी कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत, पण ती वाचणारे विरळ झाले आहेत. त्यासाठी दोन हजार वर्षे लागली नाहीत, चार पिढ्या पुरल्या. अक्षर दगडावर कोरले तरी त्याचे आयुष्य शिकणाऱ्यांच्या हाती असते. प्रत्येक पिढीत कोणी शिकविले आणि कोणी शिकले, तरच ते जगते.