तुटणाऱ्या तारांचे गणित मांडणारे पॉल बॅरन

तेव्हा पोलंडमध्ये आणि आज बेलारूसमध्ये असलेल्या ग्रोद्नो शहरी २९ एप्रिल १९२६ रोजी जन्मलेले पॉल बॅरन दोन वर्षांचे असताना कुटुंबासह अमेरिकेत आले. वडिलांनी फिलाडेल्फियात किराणा मालाचे दुकान चालविले. पॉल यांनी १९४९ साली ड्रेक्सेल येथून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे नोकरी सांभाळून लॉस एंजेलिसमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले.

१९५९ मध्ये ते कॅलिफोर्नियातील रँड या संशोधन संस्थेत दाखल झाले. शीतयुद्ध ऐन भरात होते. अमेरिकेतील लांब पल्ल्याचे दूरध्वनी मोजक्या मोठ्या केंद्रांतून जात. अणुहल्ल्यात ती केंद्रे उद्ध्वस्त झाली, तर तारा शाबूत असूनही देश मुका होणार होता.

बॅरन यांनी मध्यवर्ती केंद्रच मोडीत काढले. कोळ्याच्या जाळ्यातील गाठींप्रमाणे प्रत्येक ठिकाण शेजारच्या अनेक ठिकाणांशी जोडावे, असे त्यांनी सुचविले. पण जादा तारा म्हणजे जादा खर्च. मग त्या किती असाव्यात? संगणकावर असे जाळे मांडून त्यांनी त्याच्या गाठी यदृच्छेने नष्ट करून पाहिल्या. जेमतेम जोडणीस लागतात त्याच्या तिप्पट-चौपट तारा असल्या, तर मोठ्या विध्वंसानंतरही बचावलेल्या बहुतेक गाठींचा परस्परसंपर्क टिकतो, असे दिसले. त्यापुढे तारा वाढवून विशेष लाभ नव्हता. कधीच न बिघडणाऱ्या महागड्या यंत्रांची गरजही उरली नाही. संदेशाचे लहान तुकडे करायचे आणि हाती गरम बटाटा आल्यागत प्रत्येक गाठीने आलेला तुकडा मोकळ्या वाटेने तत्काळ पुढे ढकलायचा, ही त्याला जोड.

१९६४ साली हे सारे ११ खंडांत प्रसिद्ध झाले. दूरध्वनीची मक्तेदारी असलेल्या एटी अँड टी कंपनीला ते पटले नाही. हवाई दलाला पटले. परंतु काम अंकीय तंत्राची जाण नसलेल्या सरकारी यंत्रणेकडे जाणार, हे कळताच बॅरन यांनी स्वतःच प्रस्ताव थांबविला. जाळे फसले असते, तर कल्पनाच बदनाम झाली असती. संशोधनाइतकेच हे धैर्यही मोलाचे मानावे लागेल.

ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे अशाच पद्धतीपर्यंत पोहोचले. १९६९ मध्ये ‘अर्पानेट’ सुरू झाले, ते मात्र संगणकांचा सामाईक वापर करण्यासाठी. ते अणुयुद्धासाठी होते, हा गैरसमज अजून टिकून आहे. आज बँकेचा सर्व्हर दोन वेगळ्या स्विचना जोडतात, त्यामागे हेच गणित असते. दोन्ही तारा एकाच स्विचमध्ये खोचल्या, तर ते गणित कोलमडते.

बॅरन पुढे उद्योजक झाले. इंटरनेटचे जनकत्व एकट्याकडे घेण्यास त्यांनी नेहमीच नकार दिला. २६ मार्च २०११ रोजी पालो आल्टो येथे त्यांचे निधन झाले.