शुद्ध अन्नाचे कैवारी : डॉ. हार्वे वायली

रणांगणावर शत्रूशीं झुंजून कीर्ति मिळविणाऱ्या वीरांचीं चरित्रें आपण आवडीनें वाचतों. परंतु ज्यांनीं प्रयोगशाळेंत काचेच्या नळ्या व तराजू एवढ्याच साधनांनीं लढा दिला, आणि तोही आपल्या ताटांतील रोजच्या घासासाठीं दिला, अशा पुरुषांचीं नांवें क्वचितच आपल्या कानीं पडतात. दुधाचा पेला तोंडाला लावतांना त्यांत काय मिसळलें असेल, असा विचार आपण करीत नाहीं. विकणाऱ्यावर विश्वास ठेवून आपण तो पितों. हा विश्वास फोल ठरूं नये म्हणून पाठीशीं कायद्याचें संरक्षण असावें लागतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनतेला तें संरक्षण मिळवून देण्यासाठीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें वेंचलीं, त्या डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली या रसायनशास्त्रज्ञाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

हार्वेचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजीं इंडियाना संस्थानांतील केंट नांवाच्या खेड्याजवळ, लांकडी ओंडक्यांच्या एका साध्या घरांत झाला. वडील प्रेस्टन वायली हे शेतकरी होते व धर्मोपदेशाचेंही कार्य करीत. त्या काळीं अमेरिकेंत गुलामगिरीची दुष्ट चाल प्रचलित होती. प्रेस्टन यांना तिचा मनापासून तिटकारा असे. जें आपणांस न्याय्य वाटतें तें शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रोषाची पर्वा न करतां धरून ठेवावें, हा धडा मुलाला घरींच मिळाला. शेतांत राबून हार्वेनें आपलें शिक्षण केलें. १८६३ सालीं तो हॅनोव्हर कॉलेजांत दाखल झाला. पुढच्याच वर्षीं यादवी युद्धांत उत्तरेच्या बाजूनें कांहीं महिने शिपाई म्हणून त्यानें चाकरी केली, आणि परत येऊन १८६७ सालीं पदवी मिळविली. १८७१ त वैद्यकाची पदवी घेतली खरी, पण रुग्णांच्या नाडीपेक्षां रसायनशास्त्राकडे त्याच्या मनाचा ओढा अधिक होता. तेव्हां हार्वर्ड येथें जाऊन त्यानें १८७३ सालीं विज्ञानाची पदवीही संपादन केली.

१८७४ सालीं इंडियानांत पर्ड्यू विद्यापीठ उघडलें, आणि वायली तेथें रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. ते विद्यार्थ्यांबरोबर चेंडूफळी खेळत व उंच चाकाच्या सायकलीवरून गांवांत हिंडत. प्राध्यापकाला हें वर्तन शोभत नाहीं, असा ठपका विद्यापीठाच्या चालकांनीं त्यांच्यावर ठेवला होता. १८७८ सालीं ते जर्मनींत गेले. बर्लिन येथें सुप्रसिद्ध रसायनज्ञ हॉफमन यांचीं व्याख्यानें त्यांनीं ऐकलीं, आणि तेथील सरकारी अन्नप्रयोगशाळेंत काम करीत असतां पोलॅरिस्कोप हें यंत्र वापरण्याची कला हस्तगत केली. ध्रुवित प्रकाशाच्या कंपनाची पातळी किती फिरते यावरून साखरेचा प्रकार ओळखणारें हें यंत्र होय. स्वदेशीं परतल्यावर वायलींनीं बाजारांतील पाकांची व मधाची परीक्षा केली, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळ माल मक्यापासून केलेल्या स्वस्त ग्लुकोजची भेसळ असलेला निघाला. ग्लुकोज हें कांहीं विष नव्हे, हें वायली जाणून होते. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, मधाच्या नांवाखालीं दुसरी वस्तु देऊन मधाची किंमत घेणें ही चोरी आहे. त्यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज या एका विचारांत दिसून येतें.

१८८३ सालीं वायली वॉशिंग्टन येथें शेतकी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. त्या सुमारास अमेरिकेंतील शहरें झपाट्यानें वाढत होतीं. गांवच्या गवळ्याचें दूध आणि शेजारच्या शेतांतील भाजी यांच्या जागीं दूरच्या कारखान्यांतून डब्यांत भरून आलेलें अन्न लोक खाऊं लागले होते. तें अन्न कोणी, कोठें व कसें तयार केलें हें खाणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता. नासूं लागलेल्या दुधांत फॉर्माल्डिहाइड घालीत. प्रेतें टिकविण्यास वापरतात तोच हा पदार्थ! मांसाला टांकणखार चोळीत. डब्यांतील वाटाणा हिरवागार दिसावा म्हणून मोरचूद वापरीत. आणि मुलांच्या मिठाईला डांबरापासून काढलेले, क्वचित् शिशाचा अंश असलेले रंग देत. वायलींनीं या सर्व प्रकारांचा पद्धतशीर शोध आरंभिला. लोणी, मसाले, मद्यें, चहा, कॉफी, डब्यांतील भाज्या अशा एकेका वर्गाच्या पदार्थांचें पृथक्करण करून त्यांच्या खात्यानें १८८७ पासून अहवालांची एक मोठी मालाच प्रसिद्ध केली.

परंतु अहवाल कपाटांत पडून राहिले. शुद्ध अन्नाच्या कायद्याचे शंभरांहून अधिक मसुदे त्या पंचवीस वर्षांत कायदेमंडळापुढें आले व गेले. कारखानदारांचें वजन मोठें होतें, आणि त्यांचा युक्तिवादही वरवर पाहतां बिनतोड असे: हीं द्रव्यें इतकीं अल्प प्रमाणांत घालतात, त्यांपासून अपाय होतो हें कोणीं सिद्ध केलें आहे? वायलींना या प्रश्नाचें उत्तर वक्तृत्वानें देतां आलें असतें. पण ते शास्त्रज्ञ होते. प्रयोगानेंच उत्तर द्यावयाचें असा त्यांनीं निश्चय केला. १९०२ सालीं कायदेमंडळानें त्यांना या कामासाठीं पांच हजार डॉलर मंजूर केले.

त्यांच्या कचेरीच्या तळघरांत एक स्वयंपाकघर व भोजनगृह उभें राहिलें. शेतकी खात्यांतील बारा निरोगी तरुण नोकर आपण होऊन पुढें आले. त्यांना जेवणापलीकडे निराळा मोबदला नव्हता. बाहेरचा एक घासही खावयाचा नाहीं, असें वचन त्यांनीं दिलें होतें. प्रथम कांहीं दिवस शुद्ध अन्न देऊन प्रत्येकाची प्रकृति पाहून ठेवीत. मग त्याच अन्नाबरोबर ठराविक मात्रेनें टांकणखार देत. आणि शेवटीं पुन्हां शुद्ध अन्नावर आणीत. वजन, नाडी, शरीराची उष्णता यांची नोंद नित्य होत असे. मलमूत्राचेंही पृथक्करण करीत. आरंभीं टांकणखार लोण्यांत लपवून दिला, तेव्हां तरुण हळूहळू लोणी खाण्याचें टाळूं लागले; दुसऱ्या पदार्थांत घालून पाहिला, तर त्यालाही ते शिवेनात. अखेर तो जिलेटिनच्या गोळीसारख्या वेष्टनांत भरून उघडपणें गिळावयास देणें भाग पडलें. दिवस जाऊं लागले तशी त्यांची भूक मंदावली, डोकें दुखूं लागलें, पोटांत कळा येऊं लागल्या. पुढील चार-पांच वर्षांत सॅलिसिलिक आम्ल, सल्फ्युरस आम्ल, बेंझोएट ऑफ सोडा, फॉर्माल्डिहाइड इत्यादि द्रव्यांची याच रीतीनें परीक्षा झाली. कांहीं वेळां तरुण इतके आजारी पडले कीं प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला.

वर्तमानपत्रांना या गोष्टीचा सुगावा लागतांच त्यांनीं या तरुणांना विषपथक असें नांव दिलें, आणि देशभर त्यांची गाणीं व विनोद पसरले. वायलींना हा थट्टेचा सूर प्रथम रुचला नाहीं; पण जें काम जाडजूड अहवालांनीं झालें नव्हतें तें या चर्चेनें झालें, हें त्यांच्या लवकरच ध्यानांत आलें. घरोघरीं जेवतांना लोक आपल्या ताटाकडे संशयानें पाहूं लागले. ठिकठिकाणच्या महिलामंडळांनीं हा प्रश्न हातीं घेतला. त्या काळीं अमेरिकेंतील बहुसंख्य स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. तरी सभा भरवून व पत्रांचा पाऊस पाडून त्यांनीं प्रतिनिधींना जागें केलें. १९०४ सालीं सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनांत अन्नपदार्थांतून काढलेल्या रंगांनीं रेशमाचे व लोंकरीचे तुकडे रंगवून मांडले होते. जो रंग कापडावर इतका पक्का बसतो तो मुलांच्या पोटांत जातो, हें पाहून माता हादरून गेल्या. १९०६ च्या आरंभीं अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरील कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लोकक्षोभास सीमा राहिली नाहीं. अखेर ३० जून १९०६ रोजीं राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझव्हेल्ट यांनीं शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. भेसळीचा अथवा खोट्या नांवाचा माल एका संस्थानांतून दुसऱ्यांत पाठविणें हा गुन्हा ठरला. आणि औषधांत अफू, कोकेन, मद्यार्क यांसारखीं द्रव्यें असल्यास तीं चिठ्ठीवर छापणें सक्तीचें झालें.

कायदा झाला म्हणजे लढाई संपली असें नव्हे. वायलींची कठीण कसोटी पुढेंच होती. १९०८ सालीं एका बैठकींत त्यांनीं सॅकरीन या कृत्रिम गोडव्यावर टीका केली. राष्ट्राध्यक्षांना त्यांचे वैद्य तेंच सॅकरीन रोज देत असत! रूझव्हेल्ट यांना ती टीका झोंबली, आणि वायलींच्या निर्णयांची छाननी करण्यासाठीं त्यांनीं एक शास्त्रज्ञमंडळ नेमलें. त्याचे प्रमुख आयरा रेम्सेन हे स्वतः सॅकरीनच्या शोधाशीं संबंध असलेले रसायनज्ञ होते. थोड्या प्रमाणांतील बेंझोएट निरुपद्रवी आहे, असा निकाल या मंडळानें १९०९ सालीं दिला. १९११ त एका तज्ज्ञाच्या वेतनाचें निमित्त करून वायलींवर बालंट आणलें गेलें. चौकशीअंतीं राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनीं त्यांना निर्दोष ठरविलें. तथापि खात्यांतील वरिष्ठांच्या विरोधामुळें मोकळेपणानें काम करणें अशक्य झालें, आणि मार्च १९१२ मध्यें त्यांनीं राजीनामा दिला. पुढें गुड हाउसकीपिंग या मासिकाच्या प्रयोगशाळेंत राहून त्यांनीं गृहिणींसाठीं अन्नपरीक्षेचें कार्य चालू ठेवलें. ३० जून १९३० रोजीं, कायद्याच्या चोविसाव्या वाढदिवशींच, त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. त्यांच्याच खात्यांतून उदय पावलेल्या संस्थेला त्याच वर्षीं अन्न व औषध प्रशासन हें नांव मिळालें.

वायलींचें सर्वच म्हणणें कालांतरानें खरें ठरलें असें नाहीं. टांकणखार व फॉर्माल्डिहाइड यांना अन्नांतून हद्दपार करण्यांत ते बरोबर होते; परंतु ज्या बेंझोएटवर त्यांनीं कडाडून हल्ला केला, तें ठराविक अल्प प्रमाणांत आज अनेक देशांत अनुज्ञात आहे. त्यांच्या प्रयोगांत तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता; बारा जणांवरून सर्वांविषयीं अनुमान काढणें हेंही आजच्या शास्त्राला पुरेसें वाटणार नाहीं; आणि निरोगी माणसांना जाणूनबुजून आजारी पाडणारा असा प्रयोग आज कोणी करूं देणार नाहीं. मग त्यांचें श्रेष्ठत्व कशांत? लोकांनीं खावयाच्या वस्तूंत काय घातलें आहे हें लोकांना कळलेंच पाहिजे, आणि ती निरुपद्रवी आहे हें विकणाऱ्यानें दाखविलें पाहिजे, हें तत्त्व त्यांनीं एका बलाढ्य राष्ट्राच्या गळीं उतरविलें. पवित्र शास्त्रांत खोट्या तागडीचा जो निषेध आहे, तो त्यांनीं रसायनशाळेच्या भाषेंत पुन्हां उच्चारला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्या देशांत भेसळ-प्रतिबंधाचा अखिल भारतीय कायदा १९५४ सालीं झाला, आणि त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ सालीं, म्हणजे वायलींच्या विजयास बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, मंजूर झाला. पण कायदा कागदावर असतो. त्याला जीव आणणें नागरिकांच्या हातीं आहे. विद्यार्थिमित्रहो, खाऊची पुडी फोडण्यापूर्वीं तिच्यावरील बारीक अक्षरें वाचण्याची संवय लावून घ्या. आणि पालकवर्गास विनंती अशी कीं, दुकानदाराला प्रश्न विचारण्याचा संकोच धरूं नये. तुमच्यापैकीं जे उद्यां व्यापारी होतील त्यांनीं आपल्या मालावर खरें तेंच लिहावें. जे शास्त्रज्ञ होतील त्यांनीं सत्य सांगतांना समोर राष्ट्राध्यक्ष बसला आहे कीं शेतकरी, हें पाहूं नये. एवढें साधलें तर हें चरित्र वाचल्याचें सार्थक झालें, असें समजण्यास हरकत नाहीं.